कै. विठ्ठल सखाराम पागे

विठ्ठल हे नाव आपल्या महाराष्ट्रात घरोघरी सापडते. पण रोजगार हमीच्या कागदांवर आणि विधान परिषदेच्या दप्तरात ज्या गृहस्थांचे नाव वि. स. पागे असे आखडून छापलेले असते, त्यातला वि. म्हणजे विठ्ठल हे फार थोड्यांच्या ध्यानात येते. १८ वर्षे ते महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती होते. इतकी वर्षे त्या आसनावर त्यांच्याखेरीज कोणी बसले नाही. आणि एवढा मान मिळूनही त्यांचे नाव राहिले ते मातीकामावर, टिकाव-घमेल्याच्या संगतीत. हे कसे घडले ते भाविक वाचकांपुढे ठेवावे म्हणून हा लेख.

पागे यांचा जन्म १९१० सालचा, बागणी गावचा. हे गाव वाळवे तालुक्यातले. आज तो सांगली जिल्हा आहे, त्या काळी सातारा जिल्हा होता. कृष्णा आणि वारणा या दोन नद्यांमधला हा मुलूख म्हणजे काळी कसदार जमीन. पण त्याच जिल्ह्यात पूर्वेला चालत निघा. तासगाव मागे पडले की कवठेमहांकाळ, जत, आटपाडी असा जो भाग लागतो, तिथे आभाळ नुसते भरून येते आणि वारा ते उडवून नेते. सह्याद्रीने पाऊस अडवून धरलेला, मग पलीकडे उरणार काय? या वाटेने जे पंढरीला पायी जातात त्यांना हे सांगावयास नको. एकाच जिल्ह्यात एकीकडे ऊस आणि दुसरीकडे कुसळ, हे चित्र पागे यांनी लहानपणापासून पाहिले. पुढे त्यांच्या हातून जे झाले त्याचे मूळ इथेच आहे, असे मला वाटते.

तरुणपणी ते गांधीजींच्या वाटेने स्वातंत्र्याच्या चळवळीत पडले. सातारा जिल्हा तेव्हा पेटलेला होता. १९४२ नंतर क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार याच भागात उभे राहिले. पागे यांचा पिंड मात्र शांत, अभ्यासू, गांधी-विनोबांच्या विचारात रमणारा. त्याच्या जोडीला संतवाङ्मयाचे वाचन. हे वाचन भाषणात दोन ओव्या पेराव्यात एवढ्यापुरते नव्हते. संतसाहित्याचे जाणते म्हणून त्यांचा लौकिक होता. राजकारणात राहून हा लौकिक टिकवणे सोपे नाही हो. तिथे टाळ हाती घेणारे पुष्कळ असतात, ताल सांभाळणारे थोडे.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले आणि त्याच वर्षीच्या जुलैमध्ये पागे विधान परिषदेचे सभापती झाले. परिषद म्हणजे वरचे सभागृह. तेव्हा तिची सदस्यसंख्या ७८ होती. काही सदस्य नगरपालिका-जिल्हा परिषदांतून यावयाचे, काही आमदारांनी निवडावयाचे, काही शिक्षक आणि पदवीधर यांच्या मतांनी, आणि काही राज्यपालांनी नेमावयाचे. दर सहा वर्षांनी सदस्याची मुदत संपते. म्हणजे १८ वर्षे आसनावर राहावयाचे तर आधी पुन्हा पुन्हा सदस्य व्हावे लागते आणि मग सभागृहाचा विश्वास पुन्हा मिळवावा लागतो. या १८ वर्षांत यशवंतराव चव्हाण, कन्नमवार, वसंतराव नाईक, शंकरराव चव्हाण, वसंतदादा पाटील असे मुख्यमंत्री झाले. मंत्रिमंडळे आली नि गेली. सभापतींच्या खुर्चीवर एप्रिल १९७८ पर्यंत पागेच होते.

सभापतीचे काम काय, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसेल, म्हणून थोडे सांगतो. सगळे बोलतात आणि सभापती ऐकतो. कोणी किती वेळ बोलावे, कोणता प्रश्न नियमात बसतो, कोणाला आवरावे आणि कोणाला बोलते करावे, एवढेच त्याच्या हाती. चर्चेत त्याने स्वतःचे मत मांडावयाचे नाही. मतदानातही दोन्ही बाजू समसमान झाल्या तरच त्याचे मत. खजिना त्याच्याकडे नाही, खाते नाही, हुकूम सोडावयाला एक तलाठीसुद्धा त्याच्या हाताखाली नाही. दिंडीत वीणेकरी असतो ना, तसेच काहीसे. सगळे नाचतात-खेळतात, तो मध्ये उभा राहून स्वर धरून ठेवतो.

मुंबईत कुलाब्याजवळ पूर्वी खलाशांसाठी बांधलेली जी दगडी इमारत आहे, तिथे त्या काळी विधिमंडळ भरत असे. आता तिथे पोलीस खात्याचे मुख्यालय आहे. नरिमन पॉइंटवरचे नवे विधान भवन १९८१ सालचे, म्हणजे पागे पायउतार झाल्यानंतरचे. हिवाळ्यात सगळा पसारा नागपूरला जावयाचा. आणखी एक गोष्ट आपल्या वाचकांना गोड वाटेल. १९६२ ते १९७२ या काळात खालच्या सभागृहाचे, म्हणजे विधानसभेचे, अध्यक्ष होते बाळासाहेब भारदे. तेही संतवाङ्मयाचे मोठे अभ्यासक. म्हणजे दहा वर्षे राज्याच्या दोन्ही सभागृहांच्या आसनांवर ज्ञानोबा-तुकोबांचे दोन वाचक बसले होते. असा योग पुन्हा आलेला नाही.

पंढरपूरच्या मंदिरांचा १९७३ सालचा कायदाही याच काळातला. १९६८ साली नेमलेल्या नाडकर्णी आयोगाने देवस्थानच्या कारभाराची चौकशी केली, त्यानंतर हा कायदा झाला आणि बडवे-उत्पात आदींचे वंशपरंपरागत हक्क काढून घ्यावयाचे ठरले. पुढे प्रकरण न्यायालयात गेले आणि पुरा अंमल व्हावयाला २०१४ साल उजाडले, तो इतिहास वेगळा. त्याचे श्रेय पागे यांच्या पदरात घालावे असे मी म्हणत नाही. कायदा सभागृह करते, सभापती नव्हे.

पण एका कायद्याच्या बाबतीत मात्र असे म्हणून चालणार नाही.

दामाजीपंतांची कथा आपण सगळे लहानपणापासून कीर्तनात ऐकत आलो. मंगळवेढ्याला दुष्काळ पडला, माणसे अन्नान्न करून मरू लागली, आणि पंतांनी बेदरच्या बादशहाचे कोठार उघडून दिले. परवानगी विचारली नाही, जिवाची पर्वा केली नाही. मग पांडुरंगाने विठूचे रूप घेऊन दरबारात धान्याचे मोल भरले. कथा ऐकताना डोळे भरून येतात. पण मनाशी थोडा विचार करा. त्या वर्षी मंगळवेढ्यावर दामाजी होते म्हणून तिथली माणसे वाचली. ज्या गावच्या कोठारावर दामाजी नव्हता, तिथल्यांचे काय झाले असेल? उपाशी माणसाने कोणाच्या तरी दयेची वाट बघावयाची, आणि दयाळू माणूस भेटलाच नाही तर मरावयाचे, असाच हजारो वर्षांचा रिवाज होता. तुकोबांच्या घरातही दुष्काळाने मृत्यू नेला. संतांच्या घरी जिथे ही गत, तिथे इतरांची काय कथा?

इंग्रजांच्या अमदानीत दुष्काळी कामे निघू लागली. खडी फोडावयाची, रस्ता करावयाचा, थोडी मजुरी पदरात पडावयाची. पण दुष्काळ आहे असे सरकारने जाहीर करावयाचे आणि मग काम काढावयाचे. आणेवारी लागली तर दुष्काळ, नाही लागली तर नाही. शिवाय भूमिहीन मजुराला दुष्काळ दरसालचाच असतो, पाऊस पडो वा न पडो. सुगी संपली की होळीपासून मृगापर्यंत त्याने करावे काय? पोराबाळांना घेऊन गाव सोडावे, नाहीतर सावकाराचे दार धरावे.

पागे यांचा विचार असा होता की धडधाकट माणूस भीक मागत नाही, तो काम मागतो. तेव्हा काम मागणे हा त्याचा हक्क ठरावा आणि ते देणे हे सरकारवर बंधन असावे. दुष्काळ जाहीर होवो न होवो. जो येईल त्याला काम. आणि ते कामही नुसते खड्डे खणून बुजवण्याचे नव्हे. पाणी अडेल, माती थांबेल, उद्या त्याच रानात पीक येईल असे काम. १९६९ साली आपल्याच जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात, विसापूरला, त्यांनी हा प्रयोग करून पाहिला. गावात हाताला काम नसलेले किती आणि त्यांच्याकडून कोणती कामे करवून घेता येतील, याचा मेळ घालावयाचा. मोठी योजना आधी कागदावर रंगवून मग गावाला चिकटवावयाची, अशी ही तऱ्हा नव्हती. विसापूरचे नाव म्हणूनच या योजनेच्या इतिहासात पहिल्या ओळीत येते.

आता कोणी विचारील, सभापतीने या उठाठेवी कशाला कराव्यात? त्याने आपले आसन सांभाळावे. प्रश्न अगदीच चुकीचा नाही. सभापतीने राज्यकारभारात लुडबूड करू लागणे बरे नव्हे. पण पागे यांनी आसनावर बसून योजना रेटली नाही. त्यांच्या हाती सत्ता नव्हती, होता तो शब्दाचा मान. तेव्हाचे मुख्यमंत्री वसंतराव नाईक हे स्वतः शेतीत जीव असलेले गृहस्थ. त्यांना ही गोष्ट पटली आणि १९७२ साली योजना राज्यभर न्यावयाचे ठरले.

आणि नेमके तेव्हाच आभाळ फाटले, म्हणजे कोरडे फाटले. आधीची दोन वर्षे पावसाने ओढ दिलीच होती, १९७२ साली तो जवळजवळ आलाच नाही. ज्यांनी ते वर्ष पाहिले त्यांना बहात्तर म्हटले की पुढचे काही सांगावे लागत नाही. विहिरी आटल्या, जनावरे कवडीमोल गेली, परदेशातून आलेली तांबडी मिलो खावी लागली, पोरांना सुकडी वाटली गेली. एका बहाद्दर शेतकऱ्याच्या पायलीभर जोंधळ्याला तेव्हा सोन्याचा भाव होता. नवी योजना बाजूला ठेवून सरकारने सगळी ताकद दुष्काळी कामांवर लावली. १९७३ च्या मे महिन्यात राज्यात जवळजवळ ५० लाख माणसे कामावर होती! पाझर तलाव, नालाबांध, बांधबंदिस्ती, रस्ते आणि खडी, जिकडे पाहावे तिकडे माणसांची रांग आणि डोईवर पाटी. पाटलाची सून आणि तिच्याच शेतावरची मजूरणी एकाच रांगेत उभ्या राहिल्या. हाल अपरंपार झाले, पण जुन्या दुष्काळांत वाटेवर प्रेते पडत तसे या वेळी झाले नाही. हाताला काम आणि कामाला दाम मिळाला तर माणूस तगतो, याचा एवढा मोठा पुरावा दुसरा कोणता हवा?

दुष्काळ सरला आणि योजना पुन्हा हाती आली. आता प्रश्न पैशाचा. काम मागेल त्याला द्यावयाचे म्हणजे खर्चाला आधी आकडा घालता येत नाही. उद्या दहा आले तर दहा, दहा हजार आले तर दहा हजार. हा पैसा कोठून आणावयाचा? यावर निघालेली तोड मला पागे यांच्या योजनेतली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. १९७५ साली व्यवसाय कर बसला. नोकरी करणारा, धंदा करणारा, वकील, डॉक्टर, कारकून, ज्याची मिळकत ठरलेली त्याने वर्षाला थोडी रक्कम द्यावयाची. तेव्हा संविधानाप्रमाणे ती वर्षाला २५० रुपयांपेक्षा जास्त नेता येत नसे. वाहनांवर, विक्रीवर, ओलिताच्या जमिनीवरही थोडा थोडा भार घातला गेला. या सगळ्यातून जेवढा निधी जमेल तेवढीच भर सरकारने आपल्या तिजोरीतून घालावयाची. म्हणजे मुंबईच्या गिरगावात पगार घेणाऱ्या कारकुनाच्या पाकिटातून महिन्याकाठी जे चार रुपये गेले, त्यातून जतच्या माळावर एका बाईची चूल पेटली. दोघे एकमेकांना कधी भेटले नाहीत. आपल्या दिंडीत भिशी असते, ज्याची त्याने यथाशक्ती भर घालावयाची आणि पंगतीला सगळे सारखे. ही राज्याची भिशीच म्हणा ना.

नुसती योजना सरकार बदलले की गुंडाळता येते, म्हणून कायदा हवा होता. तो १९७७ साली विधिमंडळाने एकमताने केला. काँग्रेस काय नि शेतकरी कामगार पक्ष काय, समाजवादी काय नि जनसंघवाले काय, या एका बाबीत कोणी विरोधी सूर लावला नाही. कायद्याप्रमाणे ग्रामीण भागातल्या कोणाही प्रौढ स्त्री-पुरुषाने अंगमेहनतीचे काम मागितले की १५ दिवसांत ते दिले पाहिजे, नाहीतर बेकारभत्ता दिला पाहिजे. भत्ता काय तर दिवसाला निदान एक रुपया. रक्कम हसण्यासारखी, पण त्या एका रुपयात सरकार आपले देणे मान्य करीत होते. मजुरी मापावर, बाईला आणि गड्याला एकच दर. कामावर पिण्याचे पाणी, सावली, लेकरांसाठी पाळणाघर. राष्ट्रपतींची संमती मिळून २६ जानेवारी १९७९ रोजी कायदा अंमलात आला. पागे त्याच्या नऊ महिने आधीच आसनावरून उतरले होते.

इतके गोड सांगितल्यावर कडूही सांगितले पाहिजे, नाहीतर ते चरित्र न राहता आरती होईल. कायद्यात लिहिले ते सगळे माळावर उतरले नाही. पाळणाघर म्हणजे पुष्कळ ठिकाणी बाभळीला बांधलेली झोळी आणि तिच्याशी बसलेली एखादी म्हातारी. पगार आठवड्याचा, पण हाती पडावयाला महिना-दीड महिना. हजेरीपटावर कधी नसलेली माणसे आणि मापाच्या टेपात मुकादमाची बोटे, या तक्रारी गावोगावच्या होत्या. नवे काम काढावयाला सहसा ५० मजूर जमावे लागत. वाडीवरच्या पाच-दहा जणांनी काम मागितले तर त्यांना वाट बघावी लागे. पाझर तलाव झाले, पण त्यांचे पाणी ज्याच्या विहिरीत उतरले तो बहुधा जमीनवालाच, खोदणाऱ्याला विहीर कुठली? बागायतदारांची ओरड उलट दिशेची, की मजूर शेतावर येईनासे झाले, मजुरी चढली. खरे म्हणजे ती चढावी हाही या योजनेचा एक गुणच होता. १९८८ साली योजनेवरची मजुरी जवळजवळ दुप्पट झाली, पण कामावरची माणसे वाढावयाच्या ऐवजी कमी झाली. लोकांना गरज उरली नव्हती, की कामेच कमी काढली गेली, यावर अर्थशास्त्रज्ञ पुढे बरेच भांडले. माझ्या अल्पबुद्धीला दुसरे कारण जास्त खरे वाटते. काम महाग झाले की हक्क बारीक करण्याचे शंभर मार्ग कचेरीला ठाऊक असतात.

तरीही एक गोष्ट या सगळ्या गाळातून तरून वर आली. काम मिळाले नाही तर मजूर तहसील कचेरीवर जाऊन उभे राहू लागले. त्यांत बाया पुष्कळ. कामावरची निम्मी हजेरीच त्यांची असे. ज्या बाईने कधी चावडीची पायरी चढली नव्हती, ती तहसीलदारासमोर उभी राहून कायद्याने माझे काम दे म्हणू लागली. आता ती हात जोडून येत नव्हती. दामाजीपंतांच्या दाराशी ती आली असती तर पाया पडली असती. इथे पाया पडावयाचे कारणच उरले नव्हते. कायद्याच्या कलमांत हे कुठे लिहिलेले नाही, पण पागे यांच्या हातून घडलेली मोठी गोष्ट ती हीच, असे माझे मत आहे.

१९७८ नंतर पागे सभापती नव्हते, पण योजनेचा ध्यास त्यांना अखेरपर्यंत होता. १९९० च्या मार्च महिन्यात ते निवर्तले. २००५ साली संसदेने देशभरासाठी ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला आणि २००६ च्या फेब्रुवारीत २०० जिल्ह्यांत तो सुरू झाला. त्याला महाराष्ट्राचा हा कायदाच पायरी होता. दिल्लीतल्या चर्चेत विसापूरचे नाव कितीजणांनी घेतले असेल कोण जाणे.

ते गेले त्याच वर्षी, १९९० सालीच, रोजगार हमीतून फळबागा लावण्याची योजना निघाली. शेतकऱ्याने आपल्याच रानात खड्डे घ्यावयाचे, रोपे लावावयाची, आणि त्याची मजुरी योजनेतून मिळावयाची. आटपाडी, जत, सांगोला या भागात, जिथे कुसळाशिवाय काही उगवत नव्हते, तिथे डाळिंबाच्या बागा उभ्या राहिल्या. मिरजेकडून सांगोल्यावरून पंढरीला जाणाऱ्या वारकऱ्यांनी पुढच्या वर्षांत त्या वाटेच्या दोन्ही अंगांना पाहिल्या.